समुद्रकाठचा बंगला आणि पंपाची खोली

दसरा उलटला, की आमच्याकडे येणाऱ्या मंडळींच्या बोलण्यात दोन विषय हटकून निघतात. यंदाचा चिवडा पातळ पोह्यांचा की भाजक्या पोह्यांचा, हा पहिला, आणि "मग, कुठे जागाबिगा घेतलीत की नाही?" हा दुसरा. पहिल्या विषयात आमच्या सौ.चा शब्द अखेरचा असतो. दुसऱ्यात मात्र, या सदरातून मी पैशाअडक्याच्या चार गोष्टी लिहितो एवढ्याच भांडवलावर, सगळे माझ्या तोंडाकडे पाहू लागतात. माझे स्वतःचे घर दोन खोल्यांचे आहे, हे ठाऊक असूनही पाहतात!

यंदा आमचे मेहुणे आले ते कागदांची गुंडाळी घेऊनच. बँकेतून निवृत्त झालेला माणूस. हाती आलेली पुंजी ठेवीत ठेवून व्याजाचे दिवस मोजण्यात त्यांना आता राम वाटत नाही. ते, त्यांचे दोन मित्र आणि एक व्याही, असे चौघे मिळून अलिबागच्या बाजूला, समुद्रापासून जरा आत, दहा गुंठे जागा घेणार. तिच्यावर चार खोल्यांचा बंगला बांधणार. वर्षातून महिनाभर आळीपाळीने राहणार आणि उरलेले दिवस तो सुटीच्या पाहुण्यांना भाड्याने देणार, असा बेत होता. बरोबर एक गुळगुळीत कागदावरची जाहिरात होती. तिच्यात निळे पाणी, सुरूचे बन आणि खाली ठळक अक्षरांत 'मुंबईचे हॅम्पटन्स'.

मेहुण्यांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात अंदाजपत्रकही केले होते. जमीन, मुद्रांकशुल्क, नोंदणी, कुंपणाची भिंत, विहीर, पंप, वीजजोड, नारळाची रोपे, झोपाळा. झोपाळ्याची किंमतसुद्धा होती. सगळ्यात खाली एक ओळ होती : 'राखणदार जोडपे – तिथेच राहील.' या ओळीपुढे आकडा नव्हता.

"तिथेच म्हणजे कुठे?" मी विचारले.

"तिथंच हो, भावोजी! पंपाची खोली असतेच की."

दहा वर्षांत पैसे दुप्पट होतील की नाही, हे त्यांना माझ्याकडून हवे होते. ते मला सांगता आले नाही; ज्याला सांगता येते त्याने सदर लिहिण्याच्या फंदात पडू नये. पण ती शेवटची ओळ माझ्या डोक्यातून जाईना. आज तिच्याविषयीच लिहितो. दिवाळी अंकात असले रुक्ष विषय काढू नयेत असा संकेत आहे खरा; पण लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण चोपड्यांचीही पूजा करतोच ना?

पंपाची खोली म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. किहीम-आवासच्या बाजूला आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांचा बंगला आहे. गृहस्थ सज्जन, हाताचे सढळ. बंगल्यात चार शयनगृहे, प्रत्येकाला स्वतंत्र न्हाणीघर. मागच्या भिंतीला टेकून आठ फूट बाय दहा फुटांची एक खोली, वर पत्रा. एका कोपऱ्यात पाण्याचा पंप आणि त्याचा स्टार्टर, दुसऱ्या कोपऱ्यात गॅसची शेगडी, मधल्या जागेत राखणदार, त्याची बायको आणि दोन मुले. पहाटे पाचला पंप सुरू झाला, की सगळे उठतात. गजराच्या घड्याळाची गरज नाही. संडास मागे, आणि तोही आलेल्या गाड्यांच्या ड्रायव्हरांबरोबर सामाईक.

मुंबईत गेल्या शतकाच्या विसाव्या दशकात सरकारने बी.डी.डी. चाळी बांधल्या. त्यांतली खोली १६० चौरस फुटांची होती आणि ती किती कोंदट, यावर शंभर वर्षे लिहून आले. इथला हिशेब ८० चौरस फुटांचा आहे, आणि त्यातही पंप आला.

मी त्या राखणदाराशी बोललो. पेणच्या पलीकडच्या डोंगरपट्टीतला माणूस. तक्रारीचा सूर म्हणाल तर नाही. "जागा चांगली हाय, साहेब. सावली हाय, पाणी हाय. फक्त मालक मंडळी आली, का पोरांना वरडू देत नाही आम्ही." त्याची बायको हसली आणि म्हणाली, "पोरांना पन ठावं झालंय. गाडीचा आवाज आला, का गप."

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले, तेव्हा हे चौघे त्या खोलीत होते. बंगल्याच्या किल्ल्या याच्या कमरेला. पण न विचारता आत जायचे कसे, आणि विचारायचे तर फोन लागेना. म्हणून पत्रा उडेपर्यंत ते तिथेच बसून राहिले. पत्रा उडाल्यावर बंगल्याच्या मागच्या पडवीत गेले. हे त्याने मला असे सांगितले, जसे आपण लोकल चुकल्याचे सांगतो. मालकांना हे नंतर कळले तेव्हा ते फार हळहळले, आणि नवा पत्रा चांगल्या जाड गेजचा घातला.

त्याला मालकांकडून हवे होते ते वेगळेच. त्याला एक कागद हवा होता. 'हा माणूस आमच्याकडे कामाला आहे आणि इथे राहतो' एवढे दोन ओळींचे पत्र. रेशनकार्ड गावी, मतदारयादीतले नाव गावी, आणि माणसे बारा महिने इथे. मालकांनी पत्र दिले नाही. त्यांना कोणीतरी सांगितले होते, की असा कागद दिला, की माणूस उद्या जागेवर हक्क सांगतो.

ही भीती त्या किनाऱ्यावर आली कुठून, याला मोठा इतिहास आहे आणि तो ऐकण्यासारखा आहे.

अलिबाग तालुक्यात, पोयनाडजवळ, चरी नावाचे गाव आहे. मांडव्याच्या धक्क्यावर उतरून बंगल्याकडे जाणाऱ्यांच्या वाटेत ते येत नाही, म्हणून फारसे कोणाला ठाऊक नसते. १९३३ साली तिथल्या आणि आसपासच्या पंचवीस गावांतल्या कुळांनी खोतांची शेते कसायचे बंद केले. पिकाचा मोठा वाटा खोताच्या घरी जायचा आणि वर वेठबिगार निराळी. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. एक हंगाम नव्हे, दोन हंगाम नव्हेत, १९३९ पर्यंत संप चालला. भातशेतीवर पोट असलेल्या माणसांनी सहा वर्षे भात लावला नाही, हे वाक्य मी लिहिले तितके सोपे नाही. लावणीचा पाऊस पडत असताना बांधावर हात बांधून बसणे काय असते ते कोकणातल्या माणसाला विचारा. 'कृषीवल' हे पत्र १९३७ साली या चळवळीतूनच निघाले, आणि त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ते त्या वेळी संमत झाले नाही. पण १९४८ चा कूळ कायदा आला, १९४९ चा खोती निर्मूलनाचा आला, आणि पुढे दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा 'कृषकदिन' ठरला. त्या दिवशी कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे मालक मानले गेले.

म्हणजे 'जो तिथे राबतो, त्याचा तिथे हक्क' हे तत्त्व याच मातीत, उपाशीपोटी, कायद्यात उतरवून घेतलेले आहे. जमीनमालकांच्या मनात तेव्हा जी धडकी भरली, ती तीन पिढ्यांनंतर आमच्या त्या सज्जन गृहस्थांपर्यंत पोहोचली. त्यांच्या घराण्यात कोणी खोत नव्हता. वडील पोस्टात होते.

आता त्या कुळांच्या नातवंडांचे पाहा. खारजमिनीवरचा भात, त्यात एक उधाण बांध फोडून आत आले, की दोन-तीन वर्षे मीठच पिकते. पांढऱ्या कांद्याला चांगला भाव येतो, पण तो सगळ्यांच्या जमिनीत होत नाही. मुलीचे लग्न, म्हाताऱ्याचे ऑपरेशन, मुलाची इंजिनिअरिंगची फी. अशा वेळी समोर गुंठ्याला असा भाव सांगणारा माणूस उभा राहिला, की जो आजोबांनी जन्मात ऐकला नव्हता. विकली तर त्यांना नावे ठेवणारे आपण कोण? आपणही आईचे दागिने मोडून मुंबईत खोल्या घेतल्याच.

कायद्याने आडकाठी ठेवलेली आहे. कूळ कायद्याच्या ६३ व्या कलमाप्रमाणे शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. म्हणून तर मुंबईत जन्मून मुंबईत म्हातारे झालेले लोक अचानक गावच्या सातबाऱ्यावर आपले नाव शोधू लागतात. आमच्या एका नातेवाइकांनी तर चुलत्यांची भांडणे मिटवली ती केवळ यासाठी. कुळांना मिळालेल्या जमिनीच्या विक्रीलाही पूर्वी परवानगी लागे. २०१४ च्या दुरुस्तीने खरेदीच्या दाखल्याला दहा वर्षे झालेली असली, तर जमिनीच्या आकाराच्या चाळीस पट रक्कम सरकारात भरून, काही अटींवर ती परवानगीवाचून विकण्याची मुभा मिळाली. आकार म्हणजे शेतसारा. सातबाऱ्यावर तो रुपयांत आणि पैशांत लिहिलेला असतो. त्याची चाळीस पट झाली तरी किती होणार?

भाव चढायला कारणेही तशीच घडली. मुंबईच्या सोयीसाठी अलिबागला काही ना काही हलवण्याची रीत जुनीच आहे; मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागला नेण्यात आली, आणि तिथे ती अजून नांदते. आता माणसेच हलली. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारीसकट नेणारी रो-रो सुरू झाली, तास-सव्वा तासाचे काम. १२ जानेवारी २०२४ ला शिवडी-न्हावाशेवा पूल, म्हणजे अटल सेतू, खुला झाला. शुक्रवारी संध्याकाळी निघायचे आणि सोमवारी सकाळी कचेरीत हजर, हे जमू लागले. भरतीरेषेपासूनच्या बांधकामाला किनारा नियमन क्षेत्राचे नियम १९९१ पासून आहेत, आणि ते अगदीच कागदावर नाहीत. किहीमला नीरव मोदीचा बंगला मार्च २०१९ मध्ये सरकारने सुरुंग लावून पाडला, तो सगळ्यांनी दूरदर्शन संचावर पाहिला. पण बंगला कुठे नसावा हे सांगणारा नियम आहे. बंगल्यात राबणाऱ्याने कुठे असावे, हे कोण सांगणार?

आणि बंगल्यात राबणारा म्हणजे एकटा राखणदार नव्हे. माळी, गवंडी, सुतार, पंप दुरुस्त करणारा, चादरी धुणारी, मासळी साफ करून देणारी, पाहुण्यांना घावन-चटणी करून घालणारी. यांतले काही स्थानिक, काही कातकरी वाड्यांवरचे, काही थेट उत्तर प्रदेश-झारखंडहून आलेले. ज्याने जमीन विकली त्याचाच मुलगा त्याच जमिनीवर रंगकाम करताना मी पाहिला आहे. त्याला लग्न करून वेगळे राहायचे होते. गावठाणात घराला घर लागलेले. गावठाणाबाहेर भाव बंगलेवाल्यांचा. कातकऱ्यांची गत याहून वाईट. कित्येक वाड्या पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या नावावरच्या जमिनीत उभ्या आहेत. जमीन विकली गेली, की वाडीसकट विकली जाते.

सरकारी घरकुलाची योजना आहे ना, असे कोणी म्हणेल. आहे. पण घरकुल बांधायला पायाखाली आपली जागा लागते. ज्याला जागा नाही त्याच्यासाठी महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावे जागाखरेदीच्या साहाय्याची योजना काढली. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेला जास्तीत जास्त ५०,००० रुपये. ही मर्यादा पुढे वाढवण्यात आली. ५०० चौरस फूट म्हणजे अर्ध्या गुंठ्याला थोडे कमी. मेहुण्यांच्या अंदाजपत्रकातला गुंठ्याचा भाव मी इथे लिहीत नाही, कारण दिवाळी आहे. पण मूळच्या ५०,०००ला त्यांच्या कुंपणाची एक बाजूही होत नव्हती.

शेजारच्या गोव्याने या प्रश्नाला एकदा थेट हात घातला होता. तिथे भाटकार आणि मुंडकार ही जोडी जुनी. भाटकार म्हणजे माडांच्या भाटाचा मालक. मुंडकार म्हणजे त्याच्या परवानगीने भाटात घर करून राहिलेला, राखण करणारा, नारळ पाडून देणारा माणूस. मालकाची मर्जी फिरली, की मुंडकाराचे घर गेले. १९७५ च्या कायद्याने मुंडकाराला घराबाहेर काढण्याला बंदी केली आणि घराखालची जागा ठरल्या दराने विकत घेण्याचा हक्कही त्याला दिला. दावे तुंबले, मामलेदार कचेऱ्यांत पिढ्या गेल्या, ते सगळे खरे. तरी कळंगुट-कांदोळीसारख्या किनाऱ्यावर, हॉटेलांच्या गर्दीत, मधेच एखादे कौलारू घर आणि दारात तुळस दिसते, तिथे कधीकधी या कायद्याची पुण्याई असते.

पण या कायद्याच्या व्याख्येत एक बारीक कलम आहे. मालकाच्या घरचे काम करण्यासाठी किंवा घर सांभाळण्यासाठी ठेवलेला आणि त्यासाठीच तिथे राहणारा माणूस मुंडकार ठरत नाही. म्हणजे माडांची राखण करणाऱ्याला कायद्याने उचलून धरले, आणि माडांच्या जागी बंगला झाल्यावर बंगल्याची राखण करणारा बाहेर राहिला. इकडे महाराष्ट्रातही तेच. नांगर धरणारा कूळ. पाइप धरून हिरवळीवर पाणी मारणारा कोणी नाही.

आमच्या त्या गृहस्थांची भीती तर कायद्यापुढे मुळीच टिकत नाही. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, योगायोगाने गोव्याच्याच एका घराच्या खटल्यात, अगदी स्पष्ट केले आहे, की राखणदार, पहारेकरी किंवा नोकर म्हणून राहिलेल्या माणसाला कितीही वर्षे राहिला तरी जागेत हक्क निर्माण होत नाही. बहीण-भावाच्या भांडणातला हा निकाल वकील मंडळींच्या तोंडी असतो. मग तो दोन ओळींचा कागद द्यायला हरकत कसली? उलट 'नोकरीच्या निमित्ताने राहायला दिले आहे' असे लिहून दिले, तर मालकाचीच बाजू लेखी होते. अलिबागच्या कोर्टाबाहेर बसलेला कोणताही वकील हे पत्र अर्ध्या तासात करून देईल.

आता त्या जाहिरातीतल्या हॅम्पटन्सकडे वळतो. ज्याचे नाव आपण अलिबागला लावतो, ते आहे तरी कसे?

न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेला लाँग आयलंड नावाचे लांबट बेट आहे. त्याच्या पूर्व टोकाकडची, शहरापासून सुमारे दीडशे किलोमीटरवरची साउथहॅम्पटन, ईस्ट हॅम्पटन वगैरे गावे म्हणजे हॅम्पटन्स. एके काळी ही बटाट्याची शेते आणि मासेमारीची गावे होती. आज जगातल्या धनिकांची उन्हाळी घरे तिथे आहेत. तिथलेही मूळचे लोक आहेत, शिनेकॉक जमातीचे. १८९१ मध्ये त्यांच्याच नावाच्या टेकड्यांवर त्यांच्याच हातांनी नामांकित गोल्फ क्लबाचे मैदान तयार झाले. जमातीकडे आज सुमारे ८०० एकरांची राखीव वसाहत आहे. मला चरी आठवली, आणि कातकरीवाड्याही.

तिथे आज असे झाले आहे, की शाळेत शिकवणारी बाई, दवाखान्यातली नर्स, नळ दुरुस्त करणारा, हॉटेलातला वाढपी, यांपैकी फार थोड्यांना गावात घर परवडते. सकाळी पश्चिमेकडून कामगारांच्या मालमोटारींची रांग लागते. तिला तिकडे 'ट्रेड परेड' असे विनोदी नाव आहे. रांगेत बसणाऱ्यांना त्यात विनोद किती वाटतो ते ठाऊक नाही. एकाच अरुंद रस्त्यावर दोन-दोन तास जातात. शेवटी मार्च २०१९ मध्ये या कामगारांसाठी सकाळी शहराकडून टोकाकडे जाणाऱ्या खास गाड्या सोडाव्या लागल्या. गावचे अग्निशामक दल आणि रुग्णवाहिका तिथे स्वयंसेवकांच्या बळावर चालतात. गावात तरुण माणसे राहीनात, तेव्हा स्वयंसेवक मिळणेही कठीण झाले. म्हणजे वीस खोल्यांच्या घराला आग लागली, तर विझवायला येणाऱ्याचे बिऱ्हाड पन्नास किलोमीटरवर!

तेव्हा त्या लोकांनी जे केले ते मला आवडले. जमिनीच्या खरेदीवर दोन टक्के कर घेऊन त्यातून शेते आणि मोकळ्या जागा राखायच्या, असा निर्णय त्यांनी १९९८ साली मतदानाने घेतलेला होताच. त्याने हिरवळ वाचली. माणसे वाचली नाहीत, उलट मोकळी जमीन कमी झाल्यामुळे घरांचे भाव चढायला एक कारण आणखी मिळाले, असे मला वाटते. मग नोव्हेंबर २०२२ मध्ये पुन्हा मतदान झाले, आणि ईस्ट हॅम्पटन, साउथहॅम्पटन, साउथोल्ड आणि शेल्टर आयलंड या चार ठिकाणी आणखी अर्धा टक्का कर मान्य झाला. हा अर्धा टक्का स्थानिक आणि कामकरी लोकांच्या घरांसाठीच. त्यातून भाड्याची घरे बांधता येतात, पहिले घर घेणाऱ्याला मदत देता येते. लहान घरे घेणाऱ्यांना करात सवलत आहे. खरा भार मोठ्या खरेदीदारांवर. उशीर फार झाला आहे, आणि तिथल्या भावांपुढे अर्धा टक्का म्हणजे चिमूटभर मीठ. पण जो पैसा भाव चढवतो त्याच पैशातून थोडा काढून घ्यायचा, हा हिशेब सरळ आहे. आपल्याकडे ग्रामीण भागात खरेदीखतावर जिल्हा परिषदेचा एक टक्का अधिभार आपण भरतोच. अलिबाग-मुरुडच्या किनाऱ्यावर त्यात आणखी अर्ध्याची भर घालून तो गावकऱ्यांच्या आणि कामकऱ्यांच्या जागांसाठी वेगळा ठेवला, तर मेहुण्यांच्या अंदाजपत्रकात झोपाळ्याएवढाही फरक पडणार नाही.

कर जेव्हा लागेल तेव्हा लागो. जे बंगला बांधणार आहेत त्यांच्या हातात आजच बरेच आहे. बांधकामाच्या नकाशातच राखणदाराची खोली दाखवा : निदान बारा बाय पंधरा, पक्के छप्पर, खिडक्या दोन, स्वतंत्र न्हाणी-संडास, विजेला वेगळा उपमीटर. पंपाला निराळी पेटी करा. ती चार फुटांत होते. बंगला भाड्याने देणार असाल, तर भाड्याच्या उत्पन्नातून त्या माणसाचा पगार बाराही महिने चालू ठेवा. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद होतात, पाहुणे घटतात, आणि तेव्हाच गळती काढायला तो लागतो. दहा गुंठे घेता आहात, तर शेजारच्या चार बंगलेवाल्यांना विचारून पाहा. पाच जणांत मिळून रस्त्याकडेला दोन गुंठे घेतले, तर राखणदार, माळी आणि स्वयंपाकिणीची सहा घरे तिथे बसतात, आणि तुमच्या हिरवळीवर कोणाची पोरे ओरडल्याचा त्रासही नको.

आणि तो दोन ओळींचा कागद तेवढा द्या. त्यावर राहण्याचा पुरावा मिळाला, तर माणूस आपले नाव गावातून काढून इथल्या मतदारयादीत घालू शकतो. यादीत नाव आले, की तो ग्रामसभेत बसू शकतो. गावठाणाच्या हद्दी ठरवण्याचा अधिकार जमीन महसूल संहितेने जिल्हाधिकाऱ्यांना दिलेला आहे. वाढीव गावठाणाची मागणी करायची तर ठराव ग्रामसभेतूनच जावा लागतो, आणि आज त्या सभेत ज्यांना घर नाही अशी अर्धी माणसे कागदोपत्री दुसऱ्याच गावची असतात. दिवाळी झाली, की या खेपेचे पाहुणे परततील. त्यानंतरची ठरलेली ग्रामसभा २६ जानेवारीला असते.